वकिलातीच्या दाराबाहेर

मराठीत दूतावासाला वकिलात म्हणतात. वकील हा शब्द अरबीतून आला. सनद, करार, कौल हे शब्दही तिथूनच आले. मराठ्यांच्या दप्तरात वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा काळ्या डगल्यातला माणूस नव्हे. एका दरबाराच्या वतीने दुसऱ्या दरबारात बसणारा, ऐकणारा, लिहून कळवणारा आणि वेळ आली तर बोलणी पार पाडून येणारा माणूस म्हणजे वकील. शिवाजी महाराजांच्या पदरी काजी हैदर होते. ते फारसी पत्रव्यवहार पाहत आणि वकिलीवरही जात. त्याच्याही दोनशे वर्षे आधी बहामनी वजीर महमूद गावानने देशोदेशीच्या दरबारांना लिहिलेल्या पत्रांचा 'रियाजुल इन्शा' हा संग्रह झाला. या मातीत हा व्यवसाय मुसलमानांना परका कधीच नव्हता. आज मात्र आमचा आणि वकिलातीचा संबंध एवढाच उरला आहे, की तिच्या दाराबाहेरच्या रांगेत आम्ही पासपोर्टची झेरॉक्स हातात धरून उभे असतो.

या रांगेतून दाराच्या आत जाण्याचा एक रस्ता शिक्षणाचा आहे. आंतरराष्ट्रीय विकास, आंतरराष्ट्रीय संबंध, राजनय अशा नावांनी तो पदव्युत्तर वर्गांतून शिकवला जातो. देशादेशांतले करार कसे होतात, ते कोणी मोडले तर दाद कोठे मागायची, गरीब देशाला कर्ज कोणत्या अटींवर मिळते, मजूर एका देशातून दुसऱ्या देशात गेला की त्याचे हक्क कोणाच्या हाती जातात, हा त्याचा अभ्यासक्रम आहे. आमच्या समाजात हा विषय काढला की लोक आमच्याकडे कीव केल्यासारखे पाहतात. "हे बड्या घरच्या पोरांचे शौक आहेत," असे सांगतात. आम्हाला नेमके याच समजुतीशी भांडायचे आहे.

कोकणातल्या कोणत्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा. खेड, चिपळूण, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, कोठेही. घराघरांतला एक पुरुष बाहेर असतो. आजोबा जहाजावर होते, कोणाचे पणजोबा केपटाउनला गेले आणि तिथलेच झाले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले तशी मुले कुवेत, दुबई, सौदीला गेली. मशिदीचा नवा मिनार, शाळेची नवी खोली, बहिणीचे लग्न, सारे त्या पैशातून झाले. म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध हा आमच्यासाठी पुस्तकी विषय नाही. आमची चूल त्यावर पेटते. ज्याच्या घरात जग शिरलेले आहे, त्याने जगाचा अभ्यास करू नये, तो दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांनी करावा, हा कोठला न्याय?

आता त्या बाहेर जाणाऱ्या मुलाचे पाहू. सातव्या वर्षी त्याचा नाजिरा सुरू झाला. दहाव्या-अकराव्या वर्षी त्याने कुरआन शरीफ पुरे केले, घरात मिठाई वाटली गेली. अरबी अक्षर त्याला डोळे मिटून ओळखता येते. बाविसाव्या वर्षी एजंट त्याच्यापुढे नोकरीचा करारनामा ठेवतो. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे दोन्हीत फरक निघाला तर अरबी मजकूर खरा धरला जातो. आमचा मुलगा तो मजकूर पाहतो. त्यावर जेर-जबर नसतात. थोडे अडखळत का होईना, तो काही शब्द उच्चारू शकतो. त्यांचा अर्थ मात्र त्याला लागत नाही. आणि तो सही करतो.

आमच्या समाजाची सारी गोष्ट या एका सहीत आहे. आम्ही जग उच्चारतो, वाचत नाही.

पॅलेस्टाईनसाठी आमच्याइतके कोण रडले असेल? बोस्नियासाठी, इराकसाठी, रोहिंग्यांसाठी शुक्रवारी दुआ झाल्या, बंद पाळले गेले, मोर्चे निघाले, तहसीलदारांना निवेदने दिली गेली. त्या अश्रूंची आम्ही थट्टा करत नाही, त्यांत आमचेही अश्रू आहेत. पण तहसीलदार ते निवेदन घेऊन काय करणार होता, हे आम्ही कधी विचारले का? रोहिंग्यांचेच उदाहरण घ्या. 2019 च्या नोव्हेंबरात म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल झाला. तो कोणी केला? तेलाने श्रीमंत झालेल्या कोणा बादशहाने नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नावाच्या चिमुकल्या, गरीब देशाने केला. इस्लामी सहकार्य संघटना मागे उभी होती हे खरे, पण पुढे झाला तो गांबिया. कारण त्याचे त्या वेळचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू यांनी रवांडातील हत्याकांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात वकील म्हणून वर्षे काढली होती. 1948 च्या वंशसंहारविरोधी कराराखाली, आपल्यावर थेट आघात झाला नसला तरी, एक सदस्य देश दुसऱ्याविरुद्ध उभा राहू शकतो, ही वाट त्यांनी ओळखली. 23 जानेवारी 2020 रोजी न्यायालयाने म्यानमारला रोहिंग्यांच्या रक्षणाचा अंतरिम आदेश दिला. पुढे दक्षिण आफ्रिकेने 29 डिसेंबर 2023 रोजी गाझाच्या प्रश्नावर इस्रायलविरुद्ध याच कराराचा आधार घेतला. आदेशाने बंदुका लगेच थांबत नाहीत, हे आम्हीही पाहिले. पण जगाच्या दप्तरात जी नोंद झाली, ती कलमे जाणणाऱ्यांमुळे झाली. घोषणा तर आम्ही सगळ्यांनीच दिल्या होत्या.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. कतारमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकासाठी मैदाने बांधणारे मजूर मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलू शकत नव्हते, देशही सोडू शकत नव्हते. 2014 च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत काही कामगार प्रतिनिधींनी संघटनेच्या घटनेतील कलम 26 खाली कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. तीन वर्षे ती टांगती राहिली. कतारने सुधारणांचा करार केल्यावर 2017 मध्ये ती बंद झाली. 2018 मध्ये श्रम संघटनेचे कार्यालय दोह्यात उघडले. 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाचा ना-हरकत दाखला लागण्याची अट गेली. मार्च 2021 पासून सर्व मजुरांना 1000 रियाल किमान वेतन लागू झाले. हे पुरेसे नाही, कागदावरचे बरेच कागदावरच राहते, हेही आम्ही जाणतो. तरी दोह्यातल्या आमच्या गावच्या ड्रायव्हरच्या आयुष्यात जो फरक पडला, तो एका कलमाच्या आधारे पडला. ते कलम आमच्यापैकी किती जणांना माहीत होते?

आणि हे पाहा. 2020 च्या सप्टेंबरात आपल्याच सरकारने सहा आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेले किमान संदर्भ वेतन 30 ते 50 टक्क्यांनी खाली आणले. या देशांत सुमारे 90 लाख भारतीय आहेत. करोनाचे दिवस होते, लोक परतत होते, कोणाला पत्ता लागला नाही. तेलंगणातल्या स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्यांना मात्र लागला. ते त्यांच्या उच्च न्यायालयात गेले आणि 2021 च्या जुलैत ती परिपत्रके मागे घेतली गेली. त्याचा फायदा आमच्या मुलांनाही झाला. आम्ही पुढे चार-पाच जमातींच्या कारभाऱ्यांना याविषयी विचारले. 'संदर्भ वेतन' हा शब्दच कोणी ऐकला नव्हता. केरळने बाहेर गेलेल्या आपल्या माणसांसाठी 1996 मध्ये सरकारात वेगळे खाते उघडले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातील अभ्यासकांनी 1998 पासून त्यांची ठरावीक काळाने पाहणी चालवली. कोण गेला, कोठे गेला, किती पाठवतो, परत आला तर काय करतो. आमच्याकडे ही माहिती जमातीच्या वर्गणीच्या वहीत असते. वर्गणी थकली की नाव खोडले जाते.

आमचे काही मित्र म्हणतील, परदेशात अडकलेल्याला सोडवणे हे सरकारचे काम, त्यासाठी आपण कशाला शिकायचे? कुलभूषण जाधव यांचा खटला आठवा. मराठी घरातला हा माणूस पाकिस्तानच्या तुरुंगात. लष्करी न्यायालयाने 2017 मध्ये फाशी ठोठावलेली. भारताने आधार घेतला तो 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा: परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. 17 जुलै 2019 रोजी निकाल लागला. पाकिस्तानने कलमाचा भंग केला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असे न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी ठरवले. विरुद्ध मत एकच, पाकिस्तानने नेमलेल्या तदर्थ न्यायाधीशांचे. आणि निकाल वाचून दाखवणारे न्यायालयाचे अध्यक्ष कोण होते? सोमालियाचे अब्दुलकवी अहमद युसुफ. जिनिव्हाच्या पदव्युत्तर संस्थेत आंतरराष्ट्रीय कायद्याची डॉक्टरेट मिळवलेला एक मुसलमान, एका मराठी हिंदू कैद्याच्या बाजूने, एका मुस्लिम देशाविरुद्धचा निकाल वाचत होता. मुसलमान धर्म पाहून न्याय करतो असे म्हणणाऱ्यांना, आणि मुसलमानाने धर्म पाहूनच न्याय करावा असे वाटणाऱ्यांनाही, यापेक्षा चोख उत्तर आम्हाला माहीत नाही.

तेच कलम 36 जेद्दाहच्या कोठडीतल्या आमच्या मुलालाही लागू आहे. ते त्याला ठाऊक नसते, त्याच्या आईला ठाऊक नसते, आणि ती ज्यांच्याकडे धावत जाते त्या पुढाऱ्यांनाही ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. एक मुलगी आली होती. मुंबईतून अर्थशास्त्रात पदवी, उत्तम गुण. तिला परदेशातल्या एका नामवंत विद्यापीठात विकास अध्ययनाच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश मिळाला होता. थोडी फी माफ झाली होती, उरलेल्यासाठी ती मदत मागत होती. एका वडीलधाऱ्या हाजीसाहेबांनी मायेनेच विचारले, "बेटी, हे शिकून तू होणार काय?" ती म्हणाली, "चाचा, बाहेर गेलेल्या माणसांचे पैसे गावात येतात, पण गाव पुढे का जात नाही, ते मला शिकायचे आहे." बैठकीत शांतता पसरली. मग दुसरे म्हणाले, मेडिकल असते तर डोळे मिटून दिले असते. तिसरे म्हणाले, एकटी मुलगी, परका मुलुख. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीपर्यंत प्रवेशाची मुदत संपली होती. त्याच वर्षी त्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात पाहुण्यांनी इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचे ते प्रसिद्ध वचन ऐकवले. त्या वचनाची सनद कमकुवत आहे असे मुहद्दिस सांगतात. आम्ही म्हणतो, सनद राहू द्या, तिकिटाचे काय?

त्या बैठकीतले आक्षेप प्रामाणिक होते, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप नोकरीचा. या शिक्षणाला ठरलेली खुर्ची नाही, हे मान्य. पण परराष्ट्र सेवा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आहेत, श्रम संघटना, निर्वासितांची संस्था, बँका, संशोधन केंद्रे, वृत्तपत्रे, कामगार संघटना आहेत. सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिले की लोकसंख्येत 13.4 टक्के असलेले मुसलमान भारतीय परराष्ट्र सेवेत 1.8 टक्के होते. प्रशासकीय सेवेत 3, पोलीस सेवेत 4. तिन्हींत सर्वांत कमी परराष्ट्र सेवेत. भेदभावाची चर्चा जरूर करावी, आम्हीही करतो. पण ज्या परीक्षेच्या रांगेत आम्ही उभेच राहिलो नाही, तिच्या निकालावर किती दिवस भाषणे करणार? कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटसारख्या गावातून ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला भारताचे वाणिज्य दूत झाले. मराठी गावातून ही वाट निघते, हे सिद्ध झालेले आहे.

दुसरा आक्षेप असा, की मुसलमान अधिकारी घेतला तरी त्याला मुस्लिम देशातच पाठवतात, शोभेपुरता. माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले असफ अली असगर फैजी 1949 मध्ये इजिप्तला राजदूत म्हणून गेले, हे खरे. पण ते अरबीचे आणि मुस्लिम कायद्याचे जगन्मान्य पंडित होते. त्यांना तिथे पाठवण्यात शोभा नव्हती, शहाणपण होते. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातले बद्रुद्दीन तय्यबजी इंडोनेशिया आणि इराणप्रमाणेच जर्मनीत आणि जपानमध्येही राजदूत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला 1958 मध्ये वॉशिंग्टनला गेले, मग लंडनला, आणि 1966 मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. छागलांची मते आमच्यातल्या अनेकांना पटत नाहीत. पण ही सारी मुंबई इलाख्यातली माणसे होती, हे विसरून कसे चालेल? या परंपरेचे वारस म्हणवून घ्यायला आमच्याकडे आज कोण आहे?

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. मुस्लिम मुलगा पश्चिम आशियाचा अभ्यास करतो म्हटले की लोक संशयाने पाहतात, नको ती कटकट. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण संशयाला भिऊन अभ्यास सोडला तर संशय घेणाऱ्याचेच काम झाले. आमच्याविषयी, आमच्या नात्यातल्या देशांविषयी मग तेच लिहितात आणि आम्ही निषेध करतो.

चौथा आक्षेप आमच्या पुरोगामी मित्रांचा. जगातल्या मुसलमानांची चर्चा म्हणजे पॅन-इस्लामवाद, इथल्या प्रश्नांवरून लक्ष उडवण्याची युक्ती, असे ते म्हणतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. खिलाफतीसाठी हिंदी मुसलमानांनी 1919 पासून रान उठवले. 1920 मध्ये हजारो लोक घरेदारे विकून हिजरत म्हणून अफगाणिस्तानकडे निघाले आणि अमिराने काही महिन्यांत सरहद्द बंद केली. कित्येक जण वाटेतच मेले. ज्या खिलाफतीसाठी हे चालले होते ती 3 मार्च 1924 रोजी तुर्कांनीच रद्द केली. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? जगाकडे पाठ फिरवायची की जगाचा अभ्यास करायचा? तुर्कस्तानात काय शिजते आहे हे जाणणारी, तुर्की वाचणारी पाच-पन्नास माणसे तेव्हा आमच्यात असती आणि त्यांचे कोणी ऐकले असते, तर ते गाडे सरहद्दीकडे निघाले नसते. भावना होती, माहिती नव्हती. शंभर वर्षांनी आमची अवस्था किती वेगळी आहे, हे ज्याने त्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

आणि 'विकास' हा शब्द घेऊ. 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. देशाची श्रीमंती फक्त उत्पन्नावर मोजू नका, माणूस किती जगतो, किती शिकतो तेही पाहा, ही मोजपट्टी त्याने जगाला दिली. तो घडवणारे महबूब उल हक जम्मूत जन्मलेले, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले, केंब्रिज आणि येल येथे शिकलेले. अमर्त्य सेन त्यांचे मित्र आणि या कामातले सहकारी. हक मुसलमान होते म्हणून आम्ही मिरवावे असे आमचे म्हणणे नाही. ते मिरवणे आमच्यात पुष्कळ झाले. आमचे म्हणणे असे, की पाकिस्तानच्या नियोजन मंडळात बसून 1968 मध्ये देशाची संपत्ती 22 घराण्यांच्या हाती गेल्याचे याच माणसाने जाहीरपणे सांगितले. शिक्षणाने त्याला स्वतःच्या सरकारला हिशेब विचारण्याचे बळ दिले. शिक्षण घ्यायचे ते यासाठी.

मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांचा प्रश्न घ्या. सूत महागले, कापड पडून राहिले, की आम्ही स्थानिक आमदाराला धरतो. पण 1974 पासून जगाचा कापडव्यापार एका कोटा-कराराने बांधलेला होता, तो 1 जानेवारी 2005 रोजी संपला. अविकसित देश म्हणून बांगलादेशला युरोपने 2001 पासून बिनजकात दार उघडले होते. भारतानेही 2011 मध्ये त्याच्या तयार कपड्यांवरची जकात उठवली. मालेगावच्या मागावर बसलेला अन्सारी तरुण ज्या बाजारात उतरतो त्याचे नियम जिनिव्हात आणि ब्रसेल्समध्ये लिहिले जातात. त्या टेबलावर यंत्रमागवाल्याची बाजू मांडायला त्याच्याच गल्लीतला एखादा शिकलेला मुलगा का नसावा?

हे शिक्षण स्वस्त नाही, हे आम्ही लपवत नाही. लंडनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा राहण्या-खाण्यासह खर्च चाळीस लाखांच्या घरात जातो. पण सगळे लंडनलाच जाऊन शिकतात असे नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था 1955 पासूनची आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवण्याचे शुल्क घेत नाहीत. ब्रिटनची चेव्हनिंग, युरोपची इरास्मस मुंडस अशा पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचे अर्ज भरायला पैसे लागत नाहीत, माहिती आणि चांगले इंग्रजी लागते.

सरकारने या वाटेवर काय केले तेही नोंदवले पाहिजे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती 2022-23 पासून बंद केल्याचे केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत सांगितले. कारण दिले, इतर योजनांशी ती एकमेकींवर चढते. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच वर्षापासून गेली. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांचे नाव असलेली वृत्ती बंद होते आणि आमच्या संघटना एक पत्रक काढून गप्प बसतात, याला काय म्हणावे? तिचा पाठपुरावा झाला पाहिजे. अल्पसंख्याकांसाठी 'बार्टी'च्या धर्तीवर संशोधन व प्रशिक्षण संस्था काढण्याचे राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये ठरवले. तिच्या कामात हा विषय यावा म्हणून आम्ही दार ठोठावले पाहिजे.

पण सरकारकडे बोट दाखवून आमची सुटका नाही. आमच्यातली कितीतरी घरे सुदामुळे शैक्षणिक कर्ज घेत नाहीत. त्यांची श्रद्धा आम्ही मानतो. मग त्या घरातल्या मुलीला जमातीच्या फंडाखेरीज कोणता आधार उरतो? व्याज हराम म्हणायचे आणि बिनव्याजी द्यायचेही नाही, हे कोणत्या फिकहात बसते? जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे. इल्मच्या वाटेवरचा मुसाफिर त्यात बसतो की नाही, याचा विचार उलेमांनी मोकळेपणाने करावा. सदका आणि वक्फच्या उत्पन्नाला तर तेवढीही अडचण नाही. एका लग्नाच्या जेवणावळीत आणि सजावटीत आमच्याकडे आज जे उडते, त्यात दिल्लीतली दोन वर्षे आरामात निघतात.

आम्ही फार मागत नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या जमातींनी मिळून दरवर्षी दोन मुलांना, त्यात एक मुलगी, या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी. आमच्या शाळांतून आणि मदरशांतून अरबी ही पठणाबरोबर व्यवहाराची भाषा म्हणूनही शिकवावी. 1973 पासून ती संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे. परराष्ट्र सेवेत अरबी निवडणाऱ्यांना ती शिकायला सरकार कैरोसारख्या शहरात पाठवते, आणि आमच्या मुलाचा पाया सातव्या वर्षी घालून तो आम्ही अर्धाच सोडून देतो. प्रत्येक जमातीने बाहेर गेलेल्यांची वही नीट ठेवावी: कोण, कोठे, कोणत्या करारावर, किती पगारावर. हीच वही उद्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती जाईल आणि ती घेऊन मंत्रालयाशी बोलता येईल.

जे शिकायला जातील त्यांनाही एक सांगणे आहे. हा विषय पाक नाही. विकासाच्या नावाने गरीब देशांवर काय काय लादले गेले, कर्जाच्या अटींनी कोणाचे दवाखाने बंद पडले, हेही त्याच वर्गांत शिकायला मिळते. नीट शिका. मोठ्या संस्थेचे ओळखपत्र गळ्यात पडले की गाव विसरणारे पुष्कळ पाहिले. सगळ्यांनी परत यावे असा आमचा हट्ट नाही. पण जे शिकलात ते मराठीत लिहा. आमच्या या अंकांतून दंगल आली, मोहल्ला आला, तलाक आला, आईचे दुःख आले. करारनामा अजून यायचा आहे.

त्या मुलीची पुढची हकिकत विचारणाऱ्यांसाठी सांगतो. ती मुंबईत एका कंपनीत हिशेब पाहते. पगार बरा आहे. मागच्या ईदला भेटली तेव्हा तिच्या मामाचा करारनामा घेऊन बसली होती. इंग्रजी बाजू तिने वाचून दाखवली. अरबी बाजूवर बोट ठेवून ती आम्हाला म्हणाली, "सर, हे काय लिहिलंय?" आम्ही अक्षरे वाचली. अर्थ आम्हालाही सांगता आला नाही.

येत्या बैठकीत असा अर्ज पुन्हा येईल. तेव्हा तो पुढच्या बैठकीवर जाऊ देऊ नका.